घारीमार्फत

लामपाटा, स्यांग्जा
मंसिर ८, विक्रम संवत २०६४

कान्छी,

आशीर्वाद. इथे सगळी खुशाल आहेत, एक आमचे हे, तुझे जेठाजू, सोडून. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, पण रागात आहेत. रागाने माणूस इतका टवटवीत होतो हे मी आमच्या ह्यांच्याकडे बघून शिकले.

झालं असं. परवा बोकडांचा व्यापारी मोतीलाल पोखऱ्याहून आला. अंगणात बसून आमचंच ताक प्यायला आणि सांगू लागला की सारंगकोटच्या डोंगरावरून एक बाई रोज कापडी पंख लावून उडी मारते, पुढ्यात परका पुरुष बांधून. आणि ती बाई म्हणे तिमिल्सिनांची धाकटी बुहारी, घरची कान्छी सून आहे. हे जपाला बसले होते. माळ बोटांत थांबली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "सारंगकोटला असते खरी, पण ती येणाऱ्याजाणाऱ्यांना मका भाजून देते." मोतीलाल म्हणाला, "मका मी नाही पाहिला." मी म्हटलं, "तुझं लक्ष उडणाऱ्या बाईकडे होतं, मका कसा दिसेल?" त्यावर तो गप्प बसला, पण हे काही बसले नाहीत.

माघे संक्रांतीला भावकी बोलावली आहे. ह्यांचं ठरलंय की तुझ्या ऋषीने पोखरा सोडून गावी यायचं, तुला दोन म्हशी आणि नाचणीचं शेत द्यायचं. "बाईमाणसाला जमीन पुरते," म्हणतात. स्वतः मात्र येत्या चार दिवसांत पोखऱ्याला निघणार आहेत, डोळे तपासायला. तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाहीत, त्यांच्या मीतांकडे, मानलेल्या मित्राकडे, उतरतील. तू मात्र निर्धास्त राहा, ते सारंगकोटकडे फिरकायचे नाहीत. गोठा शाकारायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले की ह्यांना भोवळ येते. नाव काय, तर खगेश्वर. सासूआमांनी नाव ठेवताना पोराकडे नीट बघितलं नसावं.

फोन करू नकोस. फोन लीलाधरच्या दुकानात आहे आणि दुकानात सगळं गाव आहे. पत्र बसवाल्या टीकारामकडे दे. त्याला वाचता येत नाही आणि चौकशीची आवड नाही, असा माणूस या जिल्ह्यात एकच आहे.

तुझी
होमकला दिदी

*

पोखरा
मंसिर १३

दिदी,

पायांवर ढोग. पत्र वाचून ऋषीने चहात मीठ घातलं, आणि तो पिऊनही टाकला. एवढ्या मोठ्या जीपचा ड्रायव्हर, डोंगराच्या कडेवरून एका हाताने गाडी वळवतो, पण थोरल्या दाजूंचं नाव निघालं की शेळी होतो. "दाजू म्हणतील तसं," एवढंच एक वाक्य त्याला येतं.

मका भाजल्याबद्दल उपकार. काम तसं मक्यासारखंच आहे दिदी, माणसं फुटतात. मागच्या आठवड्यात काठमांडूचे एक बँकवाले साहेब पूर्ण वेळ डोळे मिटून बसले आणि खाली उतरल्यावर मला म्हणाले, काय काय दिसलं ते सांगा, घरी सांगायला हवं. एक नवा नवरा वर जाताच बायकोच्या नावाने हाका मारायला लागला. खाली बायकोने ऐकलं आणि म्हणाली, हे माझं नाव नाही. त्यांना आम्ही वेगवेगळ्या जीपमधून परत पाठवलं.

आता खरं सांगते. जमिनीवर मी सतत कुणाची तरी कुणीतरी असते आणि कुणाच्या तरी वाटेतून बाजूला होत असते. वर गेले की फेवा तळं खाली, माछापुच्छ्रेचं शिखर समोर, आणि कुणाच्या वाटेत मी येत नाही. हात माझे असतात. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. मला हे सोडायचं नाही. भावकीने सोड म्हटलं तर सोडावं लागेल, कारण ऋषी दाजूंपुढे बोलायचा नाही आणि ऋषीला सोडून मी राहायची नाही. पण मग मी पुन्हा कधी मान वर करून आभाळ बघणार नाही, एवढं लिहून ठेवते.

आणि ज्यांनी हे ठरवायचं त्या जेठाजूंचं तोंडसुद्धा मी धड पाहिलेलं नाही. मला त्यांचे पाय ठाऊक आहेत आणि खोकला. अंगणात यायच्या आधी तीनदा खोकतात, बायकांनी बाजूला व्हावं म्हणून. मी पदर डोक्यावर ओढून कोपऱ्यात होते. त्या कोपऱ्याची मला इतकी सवय झालीय की परवा सिटीबसमध्ये कुणी म्हातारा खोकला तरी माझा हात डोक्याकडे गेला.

तुम्ही काहीतरी करा. निदान मका आणखी थोडे दिवस पुरवा.

तुमची
सम्झना

*

लामपाटा
मंसिर २१

कान्छी,

हे परत आले. चष्मा नाही, औषध नाही. एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्या पायात मीतांच्या बायकोची चप्पल. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. काय झालं विचारलं तर म्हणाले, डोळ्यांच्या इस्पितळाच्या आवारात भात लावलाय, त्यात पाय घसरला. मंसिर महिन्यात भात लावणारं इस्पितळ मला तरी ठाऊक नाही.

अंगणातच उभे राहून म्हणाले, "तुझं कानातलं दे." सोनं पाण्यात बुडवून ते पाणी अंगावर शिंपडलं. थोडं थांबून परत शिंपडलं. मग अख्खी घागर डोक्यावर ओतून घेतली. मी म्हटलं, "सुनपानी कशाला? कुणाला शिवलात?" तर म्हणाले, "कुणालाच नाही. खबरदारी." जेठाजू-बुहारीचा स्पर्श झाल्याखेरीज आपल्याकडे एवढं सुनपानी कोण घेतं? पण तुझ्या घरी तर ते आलेच नव्हते.

पुढचं ऐक. शिडीची भोवळ येणारा माणूस आता रोज गोठ्याच्या छपरावर जाऊन बसतो. घारी बघतो. काल मला विचारलं, "घार वळताना कोणता पंख खाली करते, सांग." मला स्वयंपाक होता. त्यांनीच उत्तर दिलं, "डावीकडे जायचं तर डावा." मी म्हटलं, "हल्ली डोळे तपासताना घार दाखवतात का?" तर खोकले.

आता जे मनात आहे ते तुलाच लिहिते, जळो ही लाज. दुपारी झोपेत हे हिंदी बोलतात. "दौडो, दौडो, बैठना नहीं." पुन्हा पुन्हा तेच. कान्छी, ह्यांना पोखऱ्यात कुणीतरी हिंदी बाई भेटली आहे. ती ह्यांना पळवते आणि बसू देत नाही. या वयात. तू तिथेच आहेस, जरा चौकशी कर. कशी आहे, कुठली आहे, मला सगळं खरं कळव, मी रडणार नाही.

सोबत एक बाटली पाठवते. ह्यांनीच भरून दिली, त्यात सुनपानी आहे. म्हणाले, "पोखऱ्यात कुणाला लागलं तर असू दे." मला काही कळलं नाही.

संक्रांतीची बैठक मात्र रद्द केलेली नाही.

तुझी
होमकला

*

पोखरा
मंसिर २६

दिदी,

ढोग. ती बाई मी आहे.

आता बसून घ्या आणि मग पुढचं वाचा. जवळ पाणी ठेवा, साधंच.

त्या दिवशी गोरखपूरचे कुणी शर्माजी उडायला येणार होते. ते आदल्या दिवशी मोमो खाऊन हॉटेलात आडवे पडले होते, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. सकाळी जीपपाशी माकडटोपी आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस घोटाळत होता. मी विचारलं, "आप शर्माजी?" बिचाऱ्याला नाव लपवायचं होतं आणि मी आयतं दिलं. "हां," म्हणाला, "हम गोरखपूर का शर्मा है." असं हिंदी गोरखपुरात कुणी बोलत नसेल, पण सकाळच्या घाईत कोण बघतं? टोपीतून फक्त नाक दिसत होतं, आणि जेठाजूंचं नाक मी कुठे पाहिलंय?

वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "पायलट किधर है?" मी म्हटलं, मीच. ते दोन पावलं मागे गेले. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "इधर मक्का कौन भुनता है?" मला वाटलं भूक लागली असेल. म्हटलं, खाली गेल्यावर खाऊ. आता कळतंय दिदी, त्यांचा तुमच्यावर पूर्ण विश्वास होता. ते मोतीलालला खोटं पाडायला आले होते. मका भाजणारी बुहारी लांबून बघायची आणि समाधानाने घरी जायचं, एवढाच त्यांचा बेत असणार. पण तोवर त्यांच्या अंगावर पट्टे आवळले गेले होते, डोक्यावर हेल्मेट चढलं होतं. नाही म्हणावं तर चार माणसं गोळा होऊन नावगाव विचारणार. म्हणून ते शर्माच राहिले.

मी सांगितलं, दौडो, बैठना नहीं. ते धावायच्या ऐवजी बसले. दोघं घसरत गवतात गेलो. दुसऱ्या वेळी मी कानात ओरडले तसे असे धावले की जमीन संपल्यावरही पाय चालूच होते. वर गेल्यावर गायत्री मंत्र म्हणत होते, मोठ्याने. मग आवाज बारीक झाला. मग बंद झाला. तळ्याच्या मधोमध बाराहीचं देऊळ दिसलं तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि बऱ्याच वेळाने, हलक्या आवाजात, विचारलं, "और ऊपर?"

दिदी, असं विचारणारी माणसं मला फार आवडतात. मी गरम हवेचा झोत शोधला. एक घार आधीच त्यात फिरत होती, तिच्या मागे आम्हीही गोल गोल चढलो. वर एक छोटासा ढग होता, आम्ही त्याच्या कडेला पोचलो. आणि ढगात शिरायच्या आधी शर्माजी तीनदा खोकले.

ढगात बायका असतील तर बाजूला व्हाव्यात म्हणून.

मी विचार केलाच नाही. उजव्या हातातली दोरी सोडली आणि हात पदर ओढायला डोक्यावर गेला. पदर कुठला, हेल्मेट होतं. डावा हात घाबरून छातीशी आला, आणि त्यात दोरी होती. आमची छत्री डाव्या अंगावर पडून गरगरत खाली निघाली. ढग गेला, घार गेली, तळं वर आलं. मी दोरी परत पकडून सावरलं तोवर आम्ही इतके खाली होतो की नावेतली माणसं आमच्याकडे बघून वाकली.

आणि मग मी गप्प झाले. जेठाजूंशी बोलणार कसं? माझे गुडघे त्यांच्या बरगड्यांना लागलेले, हात त्यांच्या कानांच्या दोन्ही बाजूंना, पाय तर विचारूच नका कुठे लागत होते. हे सगळं होऊन गेलेलं, पण ओळखून बोलणं अजून व्हायचं होतं. ते वाचवावं असं वाटलं. ते पुढून ओरडत होते, "पायलट? ओ पायलट? मर गया क्या?" मी काही बोलले नाही. ते मागे वळून बघायला लागले, मी मान फिरवली. समोर तळ्याकाठचा चिखल आला. पाय वर घ्या असं सांगितलं नाही तर त्यांची हाडं मोडणार होती.

ती घार पुन्हा बाजूने चालली होती. मी तिला म्हटलं, आपल्या बोलीत, "घारी, पुढे बसलेल्यांना सांग हो, पाय वर घ्यावेत."

परक्या पुरुषाशी असं कुणी बोलत नाही दिदी, असं फक्त घरात बोलतात. त्यांची मान हळूहळू खांद्यांत गेली. मग तेही घारीकडे बघून म्हणाले, "सांग, पाय उचललेत." मग म्हणाले, "आणि विचार, मका कोण भाजतं."

मी म्हटलं, "घारी, सांग, मका कुणीच भाजत नाही."

मग आम्ही चिखलात उतरलो, म्हशींच्या मधोमध. त्यांचा एक बूट तिथेच राहिला. ते पाठमोरे, हात वर करून उभे होते. पट्टे सोडवायला हवेत, पण हात कसा लावायचा? दोन डोंगरांच्या मधून पोटाशी बांधून आणलेल्या माणसाचं बक्कल मी म्हैस हाकायच्या काठीने सोडवलं.

तेवढ्यात ऋषी जीप घेऊन आला. टोपी आणि चष्मा चिखलात पडला होता, त्यामुळे दाजू उघड दिसत होते. ऋषीने आ वासला. जेठाजूंनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हम गोरखपूर का शर्मा है." आणि तुमचा दीर, दिदी, हात जोडून म्हणाला, "आइए शर्माजी." मीतांच्या दारापर्यंत दोघं सख्खे भाऊ हिंदीत बोलत गेले. दाजूंनी गोरखपूरची हवा कशी आहे ते सांगितलं. ऋषी म्हणाला, कधीतरी येईन.

सुनपानी पोचलं, मी शिंपडून घेतलं. ऋषीनेही घेतलं. त्याला वाटलं आपणही काहीतरी केलं असणार.

पण जाताना जेठाजू घारीजवळसुद्धा काही बोलले नाहीत. म्हणून मला भीती वाटते. त्यांना कळलंय की तुम्ही खोटं बोललात, मी खोटं वागले, वर मी त्यांना जवळजवळ तळ्यात बुडवलं. आता माझं उडणं कसं वाचणार?

तुमची
सम्झना

*

लामपाटा
पुस १२

कान्छी,

पत्र गोठ्यात बसून वाचलं. इतकी हसले की म्हशीने दूध चोरलं. सासूआमांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, शेण डोळ्यात गेलं.

तुझ्यावर थोडी चिडलेही आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला वालिंगच्या बाजारापलीकडे नेलं नाही, आणि तू ह्यांना ढगापर्यंत नेऊन आणलंस. हे तोंडाने काही कबूल करत नाहीत. मीही विचारलं नाही. फक्त रोज ताटाशेजारी भाजलेला मका ठेवते. खाली मान घालून खातात, एक दाणा उरू देत नाहीत. म्हणजे मला कळलंय हे त्यांना कळलंय. आमचं एवढं सरळ बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. गोष्ट अवघड आहे. हे आता मनाने तुझ्या बाजूचे आहेत, छपरावर बसलेल्या माणसाचं तोंड मला वाचता येतं. पण भावकीपुढे तुझी बाजू घेतली तर हरिप्रसाद काका पहिलं विचारतील, तुला काय ठाऊक? आणि हे सांगू शकत नाहीत. पंडित माणूस, गावाचं शिवणं-सोवळं ह्यांच्या तोंडून ठरतं. स्वतःच बुहारीच्या पुढ्यात बसून आले असं कळलं तर उद्यापासून ह्यांच्या हातचा टिळा कोण लावून घेईल? काल एवढंच म्हणाले, "काकांना बोलावायला नको होतं." काका मात्र आत्तापासून काठीला तेल लावून बसलेत.

आनंदापेक्षा लाजेला जोर जास्त असतो, पुरुषांत तर फारच. म्हणून मला धास्ती आहे. बैठकीला तू येऊ नकोस, एकट्या ऋषीला पाठव. तू समोर असलीस तर ह्यांना खोकावं लागेल, आणि खोकण्यातच सगळा वेळ जाईल.

होमकला

*

लामपाटा
माघ ३

कान्छी,

ऋषी पोचला असेल, पण त्याने तुला काहीच धड सांगितलं नसेल, कारण बैठकीत तो पूर्ण वेळ संक्रांतीच्या तरूळाचे कंद सोलत होता. माणसापुढे एवढा ढीग मी कधी पाहिला नाही. म्हणून मी सांगते. मी दाराआडून सगळं ऐकलं.

काकांनी सुरुवात केली. बाईने परक्याला शिवायचं, तेही पोटाशी बांधून, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे तिळाचा लाडू हातात फिरवत होते. मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, दोन म्हशी आणि नाचणी.

हे म्हणाले, "काका, वाहत्या पाण्याला विटाळ असतो का?"

"नाही."

"मग वाहत्या वाऱ्याला कसा असेल? शिवाशिव जमिनीची आहे. उंबरठा जमिनीवर, चूल जमिनीवर, अंगण जमिनीवर. वर उंबरठाच नाही तर आत कोण आणि बाहेर कोण?"

काका काठी आपटून म्हणाले, "खगेश्वर, वर काय आहे आणि काय नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"घारीने," हे म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण पंडिताने सांगितलेलं. पण काका म्हातारे असले तरी बावळट नाहीत. ते म्हणाले, "बरं. मग उद्या त्या बुहारीच्या पुढ्यात तिचा जेठाजूच बसला, तर?"

कान्छी, दाराआड माझ्या हातातलं तूप सांडलं. ऋषीने तरुळाऐवजी बोट सोललं. ह्यांचा चेहरा लाल झाला. एकदा खोकले, दोनदा खोकले, तिसरा खोकला आलाच नाही. आणि तेवढ्यात चुलीपाशी डोळे मिटून बसलेल्या सासूआमा बोलल्या. आम्हाला वाटत होतं त्या झोपल्यात.

"खगे, तुझा बूट कुठाय?"

कुणालाच काही कळेना. ह्यांनी पाय मांडीखाली घेतले. सासूआमा म्हणाल्या, "लहानपणी चिंचेच्या झाडावर चढला होतास. उतरता येईना म्हणून दुपारभर रडलास, आणि उतरवल्यावर परत चढू का म्हणून विचारलंस. मी मारलं तुला. तेव्हापासून शिडीला घाबरतोस. माझंच चुकलं. आता सांग काकांना काय ते."

मग हे उभे राहिले. मला वाटलं सगळंच सांगून टाकतात. म्हणाले, "काका, जेठाजू बसला तर त्याने सुनपानी घ्यावं. घेतलं की झालं." हातातला लाडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मी घेतलंय."

एवढंच म्हणाले. काकांनी ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग काठी बाजूला ठेवली, सरकून जवळ आले आणि कानाशी विचारलं, "तिथून आपलं गाव दिसतं का रे?"

बैठक तिथेच मोडली. उडायची मनाई नाही, म्हशी आहेत तिथेच राहतील. सगळ्यांनी तूप-तरूळ खाल्लं. दुसऱ्या दिवशी टिळा लावून घ्यायला माणसं आली, नेहमीपेक्षा जास्तच आली, आणि प्रत्येकजण काहीतरी निमित्ताने थांबून विचारत होता की ढग हाताला ओला लागतो का. हे त्यांना खोकून दाखवतात.

तुला पत्र लिहा म्हणून मी मागे लागले. म्हणाले, जेठाजूने बुहारीला लिहायची रीत नाही. मग छपरावर जाऊन हे सोबतचं लिहून आणलं. मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलंय. रडले, हेही लिहिते.

होमकला

*

लामपाटा
माघ २

फेवा तळ्यावर राहणाऱ्या घारीस,

आशीर्वाद. पक्ष्याला पत्र लिहिण्याची पद्धत नाही, तसा निषेधही कुठे वाचलेला नाही.

खाली ज्या कुणी राहतात, त्यांना पुढील निरोप द्यावा. घरच्यांचा निर्णय त्यांना कळला असेलच. तो मी दिला असं म्हणतात, पण खरं पाहता त्या दिवशी वर असतानाच झाला होता, खाली येऊन तोंडातून निघायला उशीर लागला. तेवढे दिवस कुणाला काळजीत काढावे लागले असतील, त्याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. फागुनात गोरखपूरचे शर्माजी पुन्हा येतील. सोबत सौ. शर्मा असतील. त्यांना वालिंगपलीकडचं काही दाखवलं नाही अशी त्यांची तक्रार आहे, ती रास्त आहे. त्यांच्यासाठी त्या दिवशी वर दिसलेल्या दुसऱ्या पायलट, गुरुंग बाईंना सांगून ठेवावं. शर्माजी जुन्याच जागी बसतील. बूट दोरीने बांधून आणतील. धावताना बसणार नाहीत.

शेवटचं, आणि हे नीट सांग. शर्माजींना खोकण्याची जुनी खोड आहे, ती या वयात जायची नाही. ढग आला की ते खोकतील. त्या दिवशी मागून एक हात डोक्याकडे गेलेला त्यांनी पाहिला होता. कशासाठी गेला ते त्यांना कळायला घरी येऊन छपरावर बसावं लागलं. तरी मागे बसणारीला सांग, कुणीही खोकलं, शर्माजी खोकले किंवा अख्खी भावकी खोकली, तरी डोक्यावर पदर घ्यायचा नाही. दोन्ही हात दोरीवर ठेवायचे.

खगेश्वर